संग्रहालयातली अकरा झाडं

दिग्रसहून दारव्ह्याच्या रस्त्याला लागलं की सात-आठ किलोमीटरवर सिमेंटचं एक भलंमोठं संत्रं दिसतं. तेच संत्रा संग्रहालयाचं फाटक. मी दिग्रसच्या शाळेत विज्ञान शिकवतो आणि दरवर्षी सहावीची मुलं तिथं नेतो. आत जुन्या करंड्या आहेत, फळं मोजायच्या लाकडी चाळण्या आहेत, सालीच्या तेलाच्या बाटल्या आहेत, संत्रा बर्फीच्या कढया आहेत. पण मुलं रमायची ती मागच्या पडवीत, सत्यशीला मनवर यांच्यापुढे.

सत्यशीलाबाई तेव्हा साठीच्या आसपास. बुटक्या, काटक, बोलणं कमी. जंबेरीच्या, म्हणजे कलमासाठी वाढवलेल्या रानटी लिंबाच्या, कोवळ्या रोपाच्या सालीवर त्या चाकूनं एक उभी, एक आडवी चीर द्यायच्या, संत्र्याच्या फांदीवरचा एक डोळा, म्हणजे कोंब फुटायची जागा, सालीसकट उचलून त्या चिरेत सरकवायच्या आणि वरून प्लास्टिकची पट्टी बांधायच्या. एवढं व्हायला अर्धं मिनिटही लागायचं नाही. महिन्याभरात डोळा धरला की वरचं जंबेरीचं खोड छाटायचं, मग त्या डोळ्यातून संत्र्याचं झाड वाढतं. चाळीस वर्षं त्यांनी हेच काम केलं, घनश्यामशेठच्या रोपवाटिकेत. संग्रहालयही शेठचंच.

सत्यशीलाबाईंचे वडील देवराव याच रोपवाटिकेत मजूर होते. एका साली डिंक्या रोगानं भागातल्या बागा बसल्या. खोडातून डिंक गळायचा आणि उभं झाड वाळायचं. अशाच एका मेलेल्या बागेत देवरावांना एकच झाड हिरवं दिसलं. त्यांनी त्याची फळं चाखली, बिया मोजल्या, दोन हंगाम वाट पाहिली आणि मग त्याचे डोळे आणून रोपं बांधली. पातळ साल, फार तर दोन बिया, आणि डिंक्याला दाद न देणारं झाड. मजूर त्याला देवरावचं झाड म्हणायचे. जाहिरातीत ते 'घनश्याम गोडी' झालं, कारण थोरल्या शेठनं, म्हणजे घनश्यामशेठच्या वडिलांनी, आपल्या मुलाचं नाव त्याला दिलं. देवराव पुढंही त्याच झाडाचे डोळे बांधत राहिले. मुलगी हे सगळं पाहत होती.

२०१९च्या डिसेंबरात संग्रहालय उघडलं. सत्यशीलाबाईंची भाची साधना तिथं माहिती सांगायच्या कामावर लागली होती. तिनंच आत्याला आतल्या मोठ्या दालनात नेलं. समोरच्या भिंतीवर माणसाएवढा फोटो होता. खाली लिहिलं होतं, 'वाणाचे जनक, थोरले शेठ, मातृवृक्षासोबत.'

हा फोटो सत्यशीलाबाईंच्या घरीही होता. कोण्या साहेबाच्या भेटीच्या वेळी काढलेला. त्यात झाडाच्या एका बाजूला थोरले शेठ आणि दुसऱ्या बाजूला फांदी खाली वाकवून धरलेले देवराव. भिंतीवरच्या फोटोत देवराव नव्हते. फोटो कापला होता. पण फांदी फळांसकट दाखवायची होती, म्हणून तिला धरलेली चार बोटं तेवढी राहिली होती. एका बोटाचं नख अर्धं होतं. ते नख लेकीनं ओळखलं.

दुसऱ्या दिवशी सत्यशीलाबाई घनश्यामशेठकडे गेल्या. हे त्यांनी मला पुढं सांगितलं, अगदी शांतपणे.

"शेठ, त्या फोटोत माह्या बापाचा हात हाय."

"असेल. जुना फोटो होता बाई, कड खराब झालती."

"माह्या घरी चांगला हाय. आनून देतो. आन् खाली नाव लिहा."

शेठ हसले. "नाव? सत्यशीलाबाई, फांदी तर कोनीही धरते."

त्या परत आल्या. पण त्या वाक्याचा एकही शब्द त्यांच्या डोक्यातून गेला नाही.

पुढच्या पावसाळ्यात शेठनं हुकूम दिला, की संग्रहालयाच्या चौकात अकरा झाडं लावायची. घनश्याम गोडीची, आणि सत्यशीलाबाईंच्या हातची. पहिला बहार आला की मोठा कार्यक्रम करू, पाहुण्यांना झाडाखालीच फळ चाखवू.

रोपवाटिकेत जंबेरीसोबत रंगपूर लिंबाचीही रोपं असतात, कलमासाठीच. रंगपूर लिंबाचं फळ पिकलं की हुबेहूब संत्रं. तोच रंग, तशीच सैल साल, आत तशाच फोडी. चव मात्र अशी की दात आंबावेत. सत्यशीलाबाईंनी रंगपूरची अकरा रोपं निवडली. चीर दिली, पट्टी बांधली आणि आत डोळा ठेवलाच नाही, म्हणजे वाढणार ते रंगपूरच. शेठ पाहायला आले तेव्हा अकरा रोपांवर अकरा पट्ट्या होत्या.

"शेतकऱ्याच्या रोपात म्या कधीच खोट केली नाही," त्या मला म्हणाल्या. "त्या वर्षीही नाही. ज्याचं त्याले बरोबर गेलं. हे अकरा फक्त शेठचे होते."

मग रोपं चौकात लावली आणि त्या वाट पाहू लागल्या. रोज सकाळी चौकात जाऊन पाणी द्यायच्या, आळी साफ करायच्या, कीड पडू द्यायच्या नाहीत. इतकी निगा त्यांनी घरच्या झाडाचीही केली नव्हती. झाड मरता कामा नये, एवढंच मनात होतं. रंगपूरचं पान चुरगाळलं की लिंबाचा वास येतो, हे कलम बांधणाऱ्या पोरीलाही कळतं. शेठ रोज त्या झाडांमधून चालत जायचे, पाहुण्यांना हात लावून दाखवायचे. त्यांनी एकदाही पान चुरगाळून पाहिलं नाही.

तिसऱ्या वर्षी ते थांबले. "काटे जास्त दिसून राह्यले, बाई."

खुरपं न थांबवता सत्यशीलाबाई म्हणाल्या, "नवा जोम हाय, शेठ. तुमाले तर ठाऊकच असन."

"हो, हो. ठाऊक आहे," म्हणत शेठ पुढं गेले. त्या दिवशी सत्यशीलाबाईंना इतकं बरं वाटलं की घरी जाऊन त्यांनी गोडाचा शिरा केला. साधनानं विचारलं, कशाबद्दल. त्या म्हणाल्या, "खाय चुपचाप."

२०२४च्या डिसेंबरात झाडं लगडली. कार्यक्रमाला दीड-दोनशे माणसं आली. दारव्हा, नेर, महागावकडचे बागायतदार होते, कृषी महाविद्यालयाचे लोक होते, दिग्रसच्या बाजारातले फळांचे जुने व्यापारी बशीरभाई होते. मीही मुलांना घेऊन गेलो होतो. साधनानं माईकवरून थोरल्या शेठची गोष्ट सांगितली, पाच वर्षं रोज सांगत होती तशीच. मग शेठनं पहिलं फळ तोडलं, सोललं आणि फोड तोंडात टाकली.

मी पहिल्या रांगेत होतो. शेठचा चेहरा आक्रसला, डोळ्यांत पाणी तरारलं. मग घोट गिळला आणि म्हणाले, "अमृत आहे. घ्या, सगळे घ्या."

तोवर ताटं फिरली होती. मी फोड चावली आणि जीभ टाळूला चिकटली. मुलं थुंकायला पळाली. बागायतदार एकमेकांकडे पाहू लागले. बशीरभाईंनी हातातलं फळ उलटं करून पाहिलं, झाडाचं एक पान तोडलं, चुरगाळून नाकाशी धरलं.

"शेठ," ते म्हणाले, "हे संत्रं नाही. निंबू हाय. रंगपूर."

"हवामानाचा फरक पडतो," शेठ म्हणाले.

"हवामानानं संत्र्याचं निंबू होत नाही," महाविद्यालयाचे एक प्राध्यापक हळूच म्हणाले. पण माईक जवळच होता, सगळ्यांनी ऐकलं.

शेठ सत्यशीलाबाईंकडे वळले. "काय केलं हे?"

त्या मांडवाच्या खांबाजवळ उभ्या होत्या. तिथूनच म्हणाल्या, "म्या काही नाही केलं, शेठ. लिंबू लावलं, लिंबू आलं. तुमी साडेचार वर्सं रोज पाहून राह्यले. ज्याच्या बापानं वान शोधला, त्याले पान कसं वळखू नाही आलं?"

त्यांनी पदरातून घरचा फोटो काढून बशीरभाईंच्या हातात दिला. "आतमंदी जा आन् भिंतीवरचे बोटं पाहा. मंग ह्याच्यातले पाहा."

लोक खरंच आत गेले. दालनात गर्दी झाली. शेठ बाहेर माईकजवळ एकटेच राहिले. सत्यशीलाबाई त्यांच्याकडे पाहत होत्या, नजर न हलवता. माणूस भूक भागेपर्यंत जेवतो तसं त्या पाहत होत्या.

त्याच संध्याकाळी त्यांचं काम गेलं. ते त्यांना ठाऊकच होतं. साधनाचंही गेलं, हे मात्र त्यांनी धरलं नव्हतं.

"मले आधी सांगाचं होतं ना आत्या," साधना म्हणाली. "दोनशे मानसांसमोर मी खोटं बोलत उभी होतो."

"तुले सांगतलं असतं तर तुया तोंडावर दिसलं असतं."

साधना तीन महिने त्यांच्याशी बोलली नाही. नंतर तिला यवतमाळात एका दवाखान्यात काम मिळालं, आता सणाला येते. पण त्या विषयावर दोघी बोलत नाहीत. "तेवढं एक चुकलं माहं," सत्यशीलाबाई म्हणाल्या. "बाकी काही चुकलं नाही."

बाजारात शेठला लोक 'रंगपूरवाले' म्हणू लागले. बागायतदार रोपं घेण्याआधी पान चुरगाळून वास घेऊ लागले, शेठच्या समोर. अखेर उन्हाळ्यात शेठचा व्यवस्थापक अमर सत्यशीलाबाईंच्या घरी आला. चांगला माणूस, चहा घेऊन बसला.

"बाई, शेठ म्हणून राह्यले, तुमच्या जवळचा पुरा फोटो द्या. देवरावबाबाचं नाव मोठ्या अक्षरांत लावू. कार्यक्रम करू."

"पाच वर्सांआधी म्या हेच मागतलं होतं."

"तवा नाही समजलं त्याहिले. आता समजलं."

"आता त्याहिले गरज हाय म्हनून समजलं." त्यांनी कप उचलला. "नाही देत. त्या भिंतीवर माह्या बापाचं नाव लागलं तर शेठचंच भलं होईन. राहू दे तशी."

मी त्यांना विचारलं, बाबांचं नाव लागावं असंच तर तुम्हाला हवं होतं ना? त्यांनी चाकू पुसून ठेवला. मग म्हणाल्या, "तवा पाह्यजे होतं, गुरुजी. त्याच्यानंतर दुसरंच पाह्यजे झालं."

भिंतीवरचा फोटो आता काढलेला आहे. यंदा मुलांना नेलं तेव्हा तिथं संत्र्याच्या औषधी गुणांचा तक्ता होता. चौकातली अकरा झाडं तोडली, बुंधे राहिले आहेत.

सत्यशीलाबाई घरामागच्या जागेत रोपं बांधतात. बापानं लावलेलं झाड तिथं आहे, त्याचेच डोळे. कोणी 'घनश्याम गोडी द्या' म्हणालं तर म्हणतात, माह्याकडे नाही. 'देवराव संत्रा' म्हणालं तर देतात. महागावचा एक शेतकरी दोनदा रिकाम्या हातानं परत गेला, तिसऱ्यांदा शिकून आला. मागच्या महिन्यात शेठच्या रोपवाटिकेतले मातृवृक्ष, म्हणजे डोळे घ्यायची मूळ झाडं, वाळायला लागल्याची बातमी आली. खात्रीचे नवे डोळे हवे असतील तर ते आता एकाच परसात मिळतात.

"आले शेठ, तर द्याल?" मी विचारलं.

"देईन ना," त्या पट्टी बांधता बांधता म्हणाल्या. "लाइनीत उभे राहू दे. नाव घेऊ दे, चार लोकांत, जोरानं."

शेठ अजून आलेले नाहीत.