वैशालीने दाखवलेली भेग

वैशालीला हँगरमधून काढलं, कारण मी खोटं बोललो.

आज तिला जाऊन एक वर्ष झालं. डेंग्यूने गेली. पाच दिवसांत सगळं संपलं. एकोणतीस वर्षांची होती.

गेल्या वर्षी इथेच तिचा फोटो टाकून मी 'मिस यू यार' लिहिलं होतं. तुम्ही खूप जणांनी हात जोडले होते. आज पूर्ण लिहितो.

आम्ही दोघं सांताक्रूझला विमानांच्या मेंटेनन्स हँगरमध्ये अप्रेंटिस होतो. मी घाटकोपरचा, ती नाहूरची. तिचे वडील बस डेपोत मेकॅनिक. आमच्या बॅचमध्ये मुलगी ती एकटीच.

पहिले दोन महिने विमानाला हातही लावू दिला नाही. नुसतं लॉकवायर. म्हणजे बोल्ट सैल होऊ नयेत म्हणून पिळून बांधायची तार. बोटांची चाळण व्हायची. वैशाली घरी वडिलांच्या जुन्या बोल्टांवर प्रॅक्टिस करून यायची आणि माझं काम बघून म्हणायची,

"काय बांधलंयस रे? गजरा आहे का हा?"

मग सोडून परत बांधायला लावायची. माझी प्रॅक्टिकल्स तिच्यामुळे निघाली, हे बॅचमधल्या सगळ्यांना माहीत आहे.

दुसऱ्या वर्षी एक विमान चेकला आलं. संध्याकाळी परत उडणार होतं. चाकं आत जातात त्या पोकळीत आम्ही दोघं उभे. मी टॉर्च धरलेला, ती आरशाने पाइपांच्या मागे बघत होती.

"ए, हात घाल इकडे. या ब्रॅकेटवर नख फिरव."

फिरवलं. नख अडकलं.

हायड्रॉलिकचा पाइप धरून ठेवणारं छोटं ब्रॅकेट. त्यावर केसाएवढी भेग.

आमच्या सीनियरने टॉर्च मारला आणि म्हणाला, "पेंटची रेघ आहे. पुसा आणि पुढे चला."

"सर, डाय लावून बघूया ना. भेग असेल तर लाल रेघ दिसेल. अर्धा तास लागेल फक्त."

"तू अप्रेंटिस आहेस. इन्स्पेक्टर झालीस की सांग."

ती तडक शिफ्ट इनचार्जकडे गेली. सीनियरला डावलून. हँगरमध्ये हे कोणी करत नाही.

इनचार्ज आले. वाकून बघितलं. त्यांच्याही डोळ्यांसमोर संध्याकाळचं उड्डाण होतं. माझ्याकडे वळले.

"तू होतास ना हिच्याबरोबर? भेग बघितलीस?"

सीनियर माझ्याकडे बघत होता. माझ्या ट्रेनिंगच्या वहीवर सह्या त्याच्याच.

मी म्हणालो, "मला नीट दिसलं नाही, सर."

वैशालीने माझ्या हातातला टॉर्च काढून घेतला आणि जागेवर नेऊन ठेवला.

विमान वेळेवर गेलं.

दोन आठवड्यांनी तिचं ट्रेनिंग थांबवलं. पत्रात लिहिलं होतं, 'वर्तणूक समाधानकारक नाही.' पूर्ण व्हायला तीन महिने राहिले होते.

आठ महिन्यांनी तेच विमान पुन्हा मोठ्या चेकला आलं. ब्रॅकेटचे दोन तुकडे झाले होते. सुटलेला पाइप शेजारी घासून पातळ झाला होता. फुटला नव्हता, एवढंच.

दोन्ही बदलले. नोंद झाली. वैशालीचं नाव कोणी काढलं नाही. मीसुद्धा नाही.

त्या दुपारी तिला फोन केला. ती तेव्हा मुलुंडला लिफ्ट मेंटेनन्सच्या कंपनीत होती.

"आठ महिने तसंच उडत होतं ते?"

"हो."

"माणसं भरून?"

मी परत 'हो' म्हणालो.

"माझ्या पप्पांना वाटतं मी भांडखोर आहे म्हणून काढलं. आणि तू हे मला काय सांगतोयस? तिकडे सांग ना."

"लायसन्सचा एक पेपर राहिलाय गं. अडकवतील मला."

"बरं," म्हणाली आणि फोन ठेवला.

पेपर सुटला. लायसन्स मिळालं. तरी मी सांगितलं नाही. मग तीन वर्षं फक्त वाढदिवसाला माझा मेसेज आणि तिचं 'थँक्स'.

आज सकाळी नाहूरला तिच्या घरी गेलो. बुद्धवंदना झाली, नातेवाईक पांगले. मी तिच्या वडिलांसमोर बसलो आणि सगळं सांगितलं. एकही गोष्ट गाळली नाही.

काकांनी विचारलं,

"भेग कुठे होती? वळणावर?"

"हो काका. बेंडपाशी. आडवी."

"म्हणजे वाढणारच होती."

"हो."

"तिने बरोबर पकडली होती."

"हो काका."

त्यांनी चष्मा काढला.

"मी तिला म्हणायचो, तोंड आवरलं असतंस तर आज विमानावर असतीस. आजारी पडायच्या आधी पंधरा दिवस पण म्हणालो. ती जेवत होती, जेवत राहिली."

तेवढ्यात काकू आतून चहा घेऊन आल्या.

काका म्हणाले, "राहू दे. तो निघतोय."

मी निघालो.

खाली सोसायटीच्या बाकावर बसून क्वालिटी डिपार्टमेंटला मेल पाठवला. स्वतःच्या नावाने. कुठलं विमान, कुठली तारीख, मी काय बघितलं आणि काय सांगितलं, सगळं. लायसन्सवर येईल बहुतेक. आई घाबरली आहे. मीही घाबरलोय.

कृपया कमेंटमध्ये मला धीर देऊ नका. 'उशिरा का होईना' वगैरे तर अजिबात नको. तिच्यासाठी उशीर झालाच आहे. ज्यांनी तिच्या मागे 'ॲटिट्यूड होता तिला' म्हटलं होतं, त्यांनी फक्त हे एकदा वाचा.

वैशाली, आमच्या बॅचमधली सगळ्यात चांगली मेकॅनिक तू होतीस.

तुला मनापासून आदरांजली.