जीप रुतत नाही असा खेळ

आईचं तेरावं झालं आणि मी बाबांना नगरला घेऊन आले. ते नको म्हणाले नाहीत, येतो असंही म्हणाले नाहीत. मी पिशवी भरली, ते एसटीत माझ्या शेजारी येऊन बसले, एवढंच. पाटीवर आता अहिल्यानगर असतं, कंडक्टर मात्र अजून नगरच म्हणतो. संगमनेर येईपर्यंत बाबा ड्रायव्हरच्या पायांकडे बघत होते.

तीसेक वर्षं त्यांनी जीप चालवली होती. भंडारदऱ्याच्या वरच्या वाड्यांवरून राजूरच्या बाजाराला माणसं, भाताची पोती, कधी शेळ्या, आणि पावसाळ्यात धबधबे बघायला आलेले शहरातले लोक. आता ती जीप राजूरला एका ओळखीच्याच्या शेडमध्ये उभी होती. चावी कुठे आहे ते मी विचारलं नव्हतं.

सावेडीतल्या माझ्या दोन खोल्यांत त्यांना करण्यासारखं काही नव्हतं. मी एका विमा एजन्सीत फोन घेते. सकाळी निघताना ते ज्या खुर्चीत असायचे, संध्याकाळी त्याच खुर्चीत. माझंही फार वेगळं नव्हतं. मी जेवत होते, झोपत होते, लोकांना पॉलिसीच्या तारखा सांगत होते. रडू आलं नव्हतं. येईल म्हणून थांबणंही मी सोडून दिलं होतं.

ऑफिसातली मैत्रीण म्हणाली, "त्यांना गाडीचा एखादा गेम घेऊन दे. हात तरी चालू राहतील." मी लॅपटॉपवर शोधलं. सेलमध्ये एक डोंगरातल्या शर्यतीचा गेम होता, दोन वडापावांच्या भावात. वरच्या चित्रात चिखल उडवत निघालेली लाल जीप होती. एका रविवारी दुपारी तो सुरू करून मी मैत्रिणीकडून आणलेला कंट्रोलर बाबांच्या हातात दिला.

त्यांनी तो उलटसुलट करून बघितला. "क्लच कुठंय?"

"क्लच नाही त्यात. हे बटण दाबलं की पुढे जाते."

"आनि गेर?"

"आपोआप पडतात."

शर्यत सुरू झाली. बाकीच्या पाच जीपा एकामागे एक, जणू दोरीला बांधलेल्या, निघून गेल्या. बाबांची जीप दगडावर चढली, हवेत तरंगली आणि आवाज न करता खाली आली. तिची सावली मात्र आधीच पुढे गेली होती. आमच्या गल्लीतल्या पिठाच्या गिरणीसारखा एकसुरी आवाज चालू होता. चढावर तोच, उतारावर तोच.

"ह्या गाडीला वजन न्हाई," बाबा म्हणाले.

गरजेपुरते प्रश्न सोडले तर पंधरा दिवसांत त्यांनी माझ्याशी आपणहून बोललेलं ते पहिलं वाक्य होतं.

मग रोजचंच झालं. मी ऑफिसातून आले की ते दिवसभरात सापडलेली खोट सांगायचे. सहा गाड्या आहेत म्हणतात, पण रंगच तेवढे वेगळे. रात्रीचा रस्ता म्हणून जो आहे तो दिवसाचाच, नुसता काळा केलेला. डोंगरात उंट उभा आहे आणि जीप त्याच्यातून आरपार जाते. मागून कुणी धडकलं तर भांडायला कुणी उतरत नाही. लॅपटॉप बंद केला की सगळ्या जिंकलेल्या शर्यती पुसल्या जातात आणि दुसऱ्या दिवशी पहिल्यापासून सुरुवात. मी भाकरी करता करता ऐकायचे, "व्हय का?" म्हणायचे. आम्ही दुसरं काही बोलत नव्हतो. आईचं नाव कुणीच काढत नव्हतं. मला ते बरंही वाटत नव्हतं, वाईटही वाटत नव्हतं.

एका संध्याकाळी मी कांदा चिरत होते. बाबांनी हाक मारली. "पोरी, हितं ये. हे बघ."

पडद्यावर ओढा होता. दोन्ही बाजूंना तपकिरी चिखल. बाबा जीप मुद्दाम त्याच्यात घालत होते. जीप फरशीवरून जावी तशी जात होती. त्यांनी ती मागे आणली, पुन्हा घातली. पुन्हा तेच.

"रुतत न्हाई," ते म्हणाले. "सकाळपासून करतोय. रुततच न्हाई."

"गेमच स्वस्तातला आहे, बाबा."

"चिखुल असा नसतो. चाक फिरवलं की आजून खाली जातं. जितकं फिरवशील तितकं खाली. फळी घातली तर फळी आत. दगुड घातला, दगुड आत." त्यांचे अंगठे बटणांवर तसेच होते. "चौघं आली हुती वाडीतली. ढकलून ढकलून त्यांचं बी पाय रुतलं. मग एक जन ट्रॅक्टर आनाय गेला."

आईला दवाखान्यात न्यायला निघाले त्या सकाळबद्दल ते बोलत होते, हे मला जरा उशिरा कळलं. तिच्या छातीत कळ आली होती. वाडीपासून डांबरी रस्त्यापर्यंतचा तेवढाच एक तुकडा कच्चा. तिथल्या ओढ्याला जीप रुतली. ट्रॅक्टर येऊन जीप निघाली तेव्हा आई बोलत नव्हती, आणि राजूर यायच्या आत गेली. मला एवढंच फोनवर कळलं होतं, तेही चुलत्यांकडून. बाबांनी कुणाला काहीच सांगितलं नव्हतं.

मी सुरी खाली ठेवली. "आई काही बोलली का?"

"बोलली ना. म्हनली, घाई करू नका, गाडी मोडंल." त्यांनी जीप पुन्हा ओढ्यात घातली. "मी लई रेस दिली गाडीला. लई. थांबाय पायजे हुतं. आधीच पायी उचलून न्याय पायजे हुतं."

"पायी लांब पडलं असतं," असं मी म्हणाले. ते खरं होतं की नाही मला माहीत नाही. कुकरची शिट्टी झाली म्हणून मी उठले. परत आले तेव्हा त्यांनी जीप दरीत सोडली होती. पडदा क्षणभर काळा झाला आणि जीप पुन्हा रस्त्यावर उभी. धुतल्यासारखी स्वच्छ.

"हे लिहून कळव त्यांना," बाबा म्हणाले. "जे कोन बनवत्यात त्यांना."

गेम जिथून घेतला होता तिथे अभिप्राय लिहायची जागा होती. बाबा सांगत गेले, मी टाइप करत गेले. मी सवयीने 'हाय'चं 'आहे' केलं, मग तसं ठेववेना, पुन्हा 'हाय' केलं.

"जीप दिसाय चांगली हाय, पन तिला वजन न्हाई. चिखुल दिसतो, लागत न्हाई. डायवराला काय भ्याव वाटत न्हाई, कारन त्याचं काय जातच न्हाई. उंट काढून टाका. आनि गाडी दरीत पडल्यावर लगीच वर आनू नका. थोडा टाईम जाऊ द्या."

"एवढंच?"

"खाली माझा धंदा लिही. जीप डायवर."

आठवड्याभराने इंग्रजीत दोन ओळींचं उत्तर आलं. मोलाच्या सूचनेबद्दल आभार, आमची टीम बघेल.

"काय म्हनत्यात?"

"बघतो म्हणतात."

"कवा?"

"ते लिहिलेलं नाही."

त्यांनी मान हलवली. त्यानंतर त्यांनी तो खेळ उघडलेला मी पाहिला नाही. भात कापणीला आला तसे ते गावी जातो म्हणाले. स्टँडवर मी त्यांना खिडकीशेजारची जागा धरून दिली. गाडी सुटताना हात करायचा असतो, तो दोघांनीही केला.

गेल्या सोमवारी दुपारी त्यांचा फोन आला. जीपची बॅटरी उतरली होती, ती बदलली. ब्रेक ऑईल नवीन घातलं. बाजाराला दोन खेपा केल्या.

"ओढ्याच्या रस्त्याने गेलात?" मी विचारलं.

"दुसरा रस्ता कुठंय?" ते म्हणाले. "आता वाळलाय. धुरळा उडतो नुसता."

"बरं."

"जेवलीस का?"

"जेवले."

ऑफिसच्या फोनवर कुणीतरी थांबलेलं होतं. मी बाबांचा फोन ठेवून तो उचलला आणि पलीकडच्या माणसाला त्याच्या हप्त्याची तारीख सांगितली.