मोठी चाकं आणि नर्सबाईंची टेस्ट

समजा, तुम्हाला गाडीसाठी टायर निवडायचाय. जुनं चाक चौदा इंची होतं, नवं सोळा इंची आलंय. जुन्या टायरवर लिहिलंय १६५/८० आर१४. दुकानदार विचारतो, "कोणता देऊ?" सांगा बघू. पहिला आकडा टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. दुसरा, त्या रुंदीच्या किती टक्के रबराची उंची, ते. तिसरा चाकाचा व्यास, तो मात्र इंचांत. एका ओळीत तीन बिऱ्हाडं आणि तिघांची मापं वेगळी! डोकं धरलंत ना? माझ्या मावशीनंही धरलं होतं.

मावशी गाडी चालवायला शिकवते. तिच्या पायाशीही एक ब्रेक असतो, म्हणून गल्लीत तिला सगळे ब्रेकबाई म्हणतात. किल्ली हातात द्यायच्या आधी ती प्रत्येकाला एकच गोष्ट सांगते, "गाडीनं अनोळखी आवाज काढला की आधी थांबायचं. विचार नंतर."

ही मोठी चाकं तिनं मागितलीच नव्हती. धाकट्या दिरानं हौसेनं आणली आणि मावशी दुपारी जरा आडवी झाली होती तेवढ्यात परस्पर बसवूनही आणली.

"वहिनी, बघा तरी! क्लासची गाडी वाटतेय का?"

"भावजी, क्लासचीच गाडी आहे ती. तशीच वाटू दे की."

"तुम्हाला म्हणून कशाचं कौतुक नाही."

"जुनी चाकं कुठायत?"

"दिली मित्राला. घरात अडगळ कशाला?"

दुसऱ्या दिवशी नर्सबाई शिकायला आल्या. घरोघरी जाऊन रुग्णांना तपासायच्या कामावर त्यांची निवड झाली होती, पण लायसन्स असेल तरच. टेस्ट अगदी तोंडावर आलेली. त्यांनी गाडी फिरवायला स्टीअरिंग पूर्ण वळवलं आणि पुढून आवाज आला, खर्रर्र. नर्सबाईंनी तत्काळ ब्रेक दाबला.

"शाब्बास!" म्हणत मावशी उतरली. वाकून बघते तो टायर मडगार्डच्या आतल्या प्लास्टिकला घासलेला.

तिनं गाडी तशीच टायरवाल्याकडे नेली. त्यानं जॅक लावून पुढचं चाक उचललं, स्टीअरिंग वळवलं आणि टायर नि प्लास्टिकमधल्या फटीत बोट घातलं. "ताई, बोट आरामात जातंय. घासतंय कुठे?"

"गाडी खाली घ्या आणि आत माणसं बसवा."

"अहो, वर असतानाच तर नीट दिसतं."

"मी काय हवेत शिकवते का?"

गाडी खाली आली, दोघं आत बसले, स्प्रिंग दबली आणि फट गायब. टायरवाला मान खाजवत म्हणाला, "मोठ्या चाकाला मोठा टायर लागणारच ना ताई! सगळे हाच नेतात."

संध्याकाळी मावशीनं मला बोलावलं. माझं शिक्षण यंत्रांचं, त्यामुळे घरातला मिक्सर बिघडला तरी फोन मलाच येतो. मी डिकीतली स्टेपनी काढली. ती तेवढी जुन्या मापाची उरली होती. ती नव्या चाकाशेजारी उभी केली, तर नवं चाक चांगलं तीन बोटं उंच!

"मावशी, भिंतीवरची फोटोफ्रेम धर. बाहेरचं माप तेच ठेवून आतला फोटो मोठा करायचा, तर चौकट बारीक हवी. चाक मोठं झालं तर रबर कमी हवं. इथे चाक वाढलं आणि रबर काही कमी झालं नाही."

आकडेमोड केली तेव्हा १९५/५५ आर१६ हे माप जुन्याशी जवळजवळ तंतोतंत जुळलं. बसवलेला होता २०५/६५. मोठं चाक एका फेरीत जास्त अंतर कापतं, म्हणजे वेगाचा काटा चाळीस दाखवायचा तेव्हा गाडी त्रेचाळीसनं पळत असणार.

"म्हणजे मी पोरांना खोटा वेग शिकवायचा?" मावशी भडकली. "आणि हे टायरवर सरळ लिहायला काय जातं यांचं? उंची एवढी, बास!"

योग्य टायर मागवावे लागणार होते आणि ते टेस्टनंतरच येणार होते. टेस्टची तारीख बदलेना. दोन ब्रेकची दुसरी गाडी मिळेना. दिराच्या मित्रानं जुनी चाकं लगेच पुढे कुणाला तरी देऊन टाकली होती. दीर म्हणाला, "एवढ्याशा आवाजानं काय होतंय, वहिनी? रेडिओ लावा."

मावशीनं त्याला चहासुद्धा विचारला नाही.

टेस्टच्या आदल्या दिवशी नर्सबाई निघताना मावशी म्हणाली, "उद्या वळताना..." आणि थांबली. मग म्हणाली, "सावकाश वळवा."

टेस्टला आरटीओचे साहेब शेजारी बसले. अंगानं भरभक्कम. मावशी कुंपणापाशी उभी होती. गाडी नीट गेली, नीट मागे आली. शेवटच्या वळणावर स्टीअरिंग पूर्ण फिरलं आणि खर्रर्र. नर्सबाईंनी गाडी थांबवली, हँडब्रेक ओढला.

"नापास. वळण अर्धवट," साहेब म्हणाले.

"अहो, आवाज आला म्हणून थांबल्या त्या!" मावशी कुंपणावरूनच ओरडली.

"ऐकला मी आवाज. तो गॅरेजचा विषय. मी वळण बघतो."

नर्सबाई उतरल्या. रागावल्या नाहीत, तेच वाईट. म्हणाल्या, "बाई, तुम्हीच सांगितलं होतंत ना, आधी थांबायचं?"

ते काम दुसऱ्या कुणाला तरी मिळालं.

आता योग्य टायर बसलेत. परवा मावशीनं मला, दिराला आणि नर्सबाईंना गाडीत कोंबलं आणि दोन्ही बाजूंना स्टीअरिंग पार टोकापर्यंत वळवून बघितलं. कुठेही हूं की चूं नाही.

"टायर जरा किडमिडे दिसतायत, नाही?" दीर मागून म्हणाला.

"भावजी, उतरा."

तो खरंच उतरला. नर्सबाई हसल्या आणि पुन्हा वळण घ्यायला चालकाच्या जागी बसल्या. पुढच्या तारखेची तयारी सुरू आहे.

रात्रीची भांडी घासताना मावशी अजून अधूनमधून मध्येच थांबते. "मला एक सांग, तू शिकलेली आहेस. आदल्या दिवशी माझ्या अगदी जिभेवर आलं होतं. 'उद्या आवाज आला तरी थांबू नका,' असं त्यांना सांगायला हवं होतं का गं मी?"