आईचा बिंदू

हे लिहावं की नाही, असं बरेच दिवस वाटत होतं. चूक माझीच होती, म्हणून लिहिते आहे.

आई विड्या वळते. मांडीवर सूप, त्यात तंबाखू, हातात कात्री. पान कापणं, गुंडाळणं, दोरा बांधणं हे सगळं तिचे हात न बघता करतात. त्यामुळं तिचा डावा डोळा जात होता, तेव्हा घरात कुणालाच कळलं नाही. कळलं ते ती दाराच्या चौकटीला दोनदा धडकली तेव्हा.

सोलापुरातल्या डोळ्यांच्या दवाखान्यात मीच तिला घेऊन गेले. घरात कॉलेजला जाणारी मी पहिली, त्यामुळं कागद वाचायचं काम माझ्याकडं. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, "हा काचबिंदू आहे. गेलेली नजर परत येणार नाही. डोळ्यातलं पाणी मुरायला बारीक नळी बसवू, म्हणजे दाब कमी होईल आणि उरलेली नजर टिकेल. आईंना नीट समजावून सांगा."

मी आईला सांगितलं, "बिंदूचं ऑपरेशन हाय."

एवढंच सांगितलं. शेजारच्या काकूंचा मोतीबिंदू काढला होता आणि पट्टी सुटल्यावर त्यांना भिंतीवरचं कॅलेंडर लख्ख दिसलं होतं. आई तेच समजली. ती समजली हे मलाही कळलं, पण ऑपरेशनच्या आधी तिचा धीर जाईल असं वाटलं. नंतर सांगू म्हटलं.

ऑपरेशननंतर मी रोज विचारायचे, "दिसतंय का?" ती म्हणायची, "दिसतंय की." मलाही तेवढंच हवं होतं.

काही आठवड्यांनी नळी जागेवर आहे का ते बघायला बोलावलं. एका मशीनवर हनुवटी टेकवायची, आतल्या हिरव्या दिव्याकडं बघत राहायचं. डोळा मधोमध आला की मशीन आपोआप गोल फिरून डोळ्याच्या आतल्या कडेचे फोटो काढतं. मशीनवरच्या ताईंनी डावा डोळा बधिर करायचे थेंब घातले.

"मावशी, दिव्याकडं बघा."

"बघतीया की."

मशीन काही फोटो काढेना. ताईंनी हनुवटी सरळ केली, पुन्हा लावलं. पुन्हा तेच.

"डोळा हलवू नका मावशी."

"डोळा हाय बाई माजा, ठोकलेला खिळा न्हाय."

ताई हसल्या. मी पण हसले. मग ताईंनी हळूच विचारलं, "मावशी, दिवा दिसतोय ना?"

आई म्हणाली, "व्हय." पण मशीनच्या पडद्यावर तिचा डोळा मोठा दिसत होता आणि बुबुळ बाजूला कुठंतरी बघत होतं. मला तिथं उभं राहवेना.

ताईंनी आपला अंगठा आईच्या उजव्या डोळ्यासमोर धरला आणि म्हणाल्या, "ह्याच्याकडं बघा." उजवा तिकडं वळला तसा डावाही सरळ झाला आणि फोटो निघाले. सगळे जोडून पडद्यावर एक गोल कडं आलं. त्यात तिळाहून बारीक चकाकणारा ठिपका होता. "नळी अगदी जागेवर आहे," ताई म्हणाल्या. डॉक्टरांनी फोटो पाहिला, दाब तपासला आणि तेही समाधानानं म्हणाले, "छान बसली आहे."

बाहेर बाकावर आई खुशीत होती. "जागेवर हाय म्हणं. मग आता कदी दिसायला लागंल?"

मी म्हटलं, "आई, तो मोतीबिंदू नव्हता. काचबिंदू हाय. गेलेलं परत येत न्हाय. उरलेलं ऱ्हावं म्हणून ती नळी."

ती पदराचं टोक बोटांत गुंडाळत राहिली, विडी वळावी तसं.

"तुला म्हाईत व्हतं?"

"व्हय."

"आन् ह्यो उजवा?"

"त्यात पण सुरू झालाय. रोज थेंब घातले तर टिकंल."

"तेवडं तरी आदी सांगायचं की गं. मी आपली तुला बरं वाटावं म्हणून दिसतंय म्हणत व्हते."

मी कागद पिशवीत भरले.

ती उठली. इतके दिवस ती माझ्या डाव्या हाताला, एकटी, न धरता चालायची. जिन्यापाशी थांबून तिनं माझा दंड चाचपडून धरला आणि मला आपल्या डाव्या बाजूला घेतलं.

"हिकडनं चल," ती म्हणाली. "ह्या अंगाला मला काईच दिसत न्हाय."