मोठ्या डॉक्टरांचा बुधवार

कुजलेल्या जखमेतल्या अळ्या मोठे डॉक्टर शांतपणे वेचून काढत. पण "ते माझ्याकडं न्हाई" असं कुणी म्हणालं की त्यांचं तोंड कडू व्हायचं. "शी! ही घाण साबणानं निघत न्हाई," म्हणत ते खरंच हात धुवायला उठायचे.

सोनपेठजवळच्या आरोग्य केंद्रात डॉक्टर म्हणून माझी पहिली नेमणूक झाली, तेव्हा तिथला कारभार "माझ्याकडं न्हाई" याच वाक्यावर चालायचा. रोगी ओट्यावर कण्हतोय आणि आत हे काम कुणाचं यावर वाद. मला उबग आला होता. त्यांना माझ्याआधीच आला होता. "कॉलेजात नाडी धरायला शिकवलं, चार माणसं धरून ठेवायला कुणी शिकवलं न्हाई. ते मी शिकवतो," असं म्हणून दर बुधवारी ते मला आपल्या खुर्चीत बसवत आणि स्वतः मलमपट्टीच्या बाकावर जात. हुकूम माझा, चूकही माझी. संध्याकाळी चहा घेताना एवढंच विचारत, "आज कोणता निर्णय टाळलाव?"

अशाच एका बुधवारी हगवणीची साथ पसरली. गावच्या विहिरीत औषध टाकून आरोग्य इन्स्पेक्टर परत आला.

"बौद्ध वस्तीच्या विहिरीत?" मी विचारलं.

"तिकडं उद्या बघू. लय लांब हाय."

वस्ती नुसती ओढ्यापलीकडं होती. मीही अशाच वस्तीतला, हे त्याला ठाऊक होतं. त्याच्या ओठावरचं हसू पाहून मला शिसारी आली.

"आत्ता जा."

तो मोठ्या डॉक्टरांकडं वळला. ते एका म्हातारीचा पाय बांधत होते. मान वर न करता म्हणाले, "माझ्याकडं काय बघायलाव? साहेब तिथं बसलेत."

तो गेला, पण त्यानं वर तक्रारही केली. मला बसवून खुर्चीची अब्रू घालवली म्हणून मोठ्या डॉक्टरांची बदली झाली. निरोपाला हार घेऊन सगळ्यांत पुढं तोच! मी तोंड फिरवलं. डॉक्टरांनी हार घेतला आणि एसटीत चढताना मला हळूच म्हणाले, "किळस येऊ द्या. पण काम त्याच्याकडूनच करून घ्यायचंय."

पुढच्या उन्हाळ्यात साथ पुन्हा आली. नवे डॉक्टर रजेवर होते. मी सगळ्यांना बोलावून कामं वाटली. औषध आधी वस्तीच्या विहिरीत पडलं आणि ते टाकायला इन्स्पेक्टरच गेला.

जिल्ह्याचे अधिकारी चौकशीला आले. "आधी वस्तीची विहीर, हे कुणाच्या हुकमानं?"

"माझ्या," मी म्हणालो.