राजदंड मांडीवर

सभागृहात राजदंड नसेल तर सभा नाही, हे मला निवडून आल्यावर कळलं. तोवर मी मंडईत मेथी-कोथिंबीर विकत होते. चांदीच्या पत्र्यानं मढवलेल्या एका दांड्यावर शहराचा कारभार चालतो असं कुणी सांगितलं असतं, तर मी त्याला वेड्यात काढलं असतं. महापौरांच्या खुर्चीपुढे टेबल, टेबलावर तो राजदंड. तो जागेवर आहे तोवर सभा चालू. कुणी उचलून पळालं की सभा तहकूब. आणि पळवतात हो! चांगले पन्नाशीचे, पोट सुटलेले नगरसेवक दांडा काखेत मारून दाराकडे धावतात, मागून शिपाई धावतो, त्याच्यामागून फोटोवाले धावतात. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला इतकं हसू आलं की तोंडात पदर कोंबून बसले.

नंतर हसू पळालं. कारण त्या पळापळीत माझा विषय मरत होता.

आमच्या मंडईत बायकांना जायला जागा नव्हती. एवढं साधं. पुरुष भिंतीकडे तोंड करून मोकळे व्हायचे, आम्ही कुठं जायचं? म्हणून मंडईतल्या बाया सकाळी पाटी खाली ठेवली की घरी जाईपर्यंत पाणी प्यायच्या नाहीत. सोलापूरचं ऊन, डोक्यावर फाटकं पोतं, आणि घोटभर पाणी नाही! माझ्या शेजारी पालेभाजी घेऊन बसायची ती अक्का. घरात तेलुगू बोलायची आणि मंडईत आमच्यापेक्षा ठसकेबाज मराठी. तिला मुतखडा झाला. डॉक्टर म्हणाले, भरपूर पाणी प्या. अक्का म्हणाली, "पिते की. तुमी जागा दाखवा."

प्रभागातली एक जागा बायकांसाठी राखीव झाली आणि मंडईनं मला उभं केलं, तेव्हा अक्का प्रचारात माझ्याही पुढं. दारोदार एकच सांगायची, "हिला निवडून द्या. ही बायकांसाठी संडास बांधणार हाय." दुसरं आश्वासन आम्ही कुणाला दिलंच नाही.

निवडून आले. संडासाची जागा ठरली, नकाशा झाला, सभेची मंजुरी तेवढी राहिली. पण माझा विषय विषयपत्रिकेच्या तळाला. वरच्या विषयांवर भांडण लागायचं, कुणीतरी राजदंड घेऊन पळायचं, आणि आम्ही घरी. एकदा दिव्यांच्या खांबांवरून, एकदा एका चौकाला कुणाचं नाव द्यायचं त्यावरून. दर वेळी मी मंडईत जाऊन सांगायची, पुढच्या सभेत नक्की. अक्का मान हलवून पुन्हा जुड्या बांधायला लागायची. चार शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

असं करता करता आमची शेवटची सभा आली. निवडणूक तोंडावर, आचारसंहिता लागणार. आज विषय मंजूर झाला तर झाला, नाही तर नवे लोक येणार आणि पुन्हा श्रीगणेशा. विषयपत्रिका उघडून बघितली. वर चौकाचं नाव, तळाला मी. गॅलरीत फोटोवाले जागा धरून बसलेले. ते काही माझ्या संडासासाठी आले नव्हते. आज राजदंड उठणार, हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं.

माझं डोकं असं तापलं म्हणता! मागच्या बाकावरची माझी जागा सोडून मी सरळ पहिल्या रांगेत जाऊन बसले.

चौकाचा विषय पुकारला आणि गलका सुरू झाला. एकानं माइक हिसकावला, दोघं बाकावर चढले, आणि विरोधी बाजूचा एक दादा बाह्या सावरत टेबलाकडे निघाला. त्याची ती चाल मला चांगली ओळखीची. मी उठले, पदर खोचला, आणि त्याच्याआधी पोचले. राजदंड उचलला. वजन कसलं, कोबीच्या पाटीएवढंही नाही!

"वा ताई, वा!" विरोधी बाकांवरून टाळ्या पडल्या. एवढी वर्षं तोंड न उघडलेली बाई आज राजदंड पळवणार म्हणून गॅलरीत सगळे उभे. शिपायानं सवयीनं दार अडवलं. पण मी दाराकडे गेलेच नाही. महापौरांच्या व्यासपीठाच्या पायरीवर फतकल मारून बसले आणि राजदंड मांडीवर आडवा घेतला.

"हं, आता चालवा सभा," मी म्हणाले.

फोटोवाले कठड्यावरून वाकले.

सभेचे नियम सांभाळायला नगरसचिव असतात. ते पुढं आले. "ताई, तो जागेवर ठेवा."

"जागेवर ठिवला की हे पळवत्यात. माझ्याकडंच असू द्या. सभागृहातच हाय की!"

"पण तो तुमच्या मांडीवर असताना सभा कशी चालवणार?"

"चालवू नका असं कुटं लिवलंय?"

त्यांनी नियमांचं पुस्तक पुढून चाळलं, मागून चाळलं. राजदंड बाहेर गेला तर काय, हे सगळ्यांना तोंडपाठ. तो आतच एका बाईच्या मांडीवर बसला तर काय, याचा विचार कुणी केलाच नव्हता. तेवढ्यात त्या दादानं हात पुढं केला. मी म्हणाले, "लावून बघा हात. फोटोवाले वर बसलेत." बाईच्या मांडीवरून दांडा ओढतानाचा फोटो, आणि तोही निवडणुकीच्या तोंडावर! तव्याचा चटका बसावा तसा त्यानं हात मागं घेतला.

महापौर बाईच होत्या. महापौरांच्या त्या जरीकाठाच्या जाडजूड झग्यात घामाघूम झालेल्या. माझ्याकडे बघून त्यांनी ओठ दाबून हसू आवरलं आणि घंटा वाजवली. "राजदंड सभागृहात आहे. सभा चालू आहे."

मग काय विचारता! पळायची सोयच उरली नाही म्हटल्यावर लोक मुकाट चर्चा करायला लागले. चौकाचा विषय मतदानानं निकाली निघाला. विषय भराभर सरकले आणि माझा पुकारला गेला. मी राजदंड हातात धरूनच उभी राहिले. भाषण पाठ करून आले होते, त्यातलं एक अक्षर आठवेना. मग जे समोर दिसत होतं तेच बोलले.

"सभा सुरू झाल्यापासनं हितला एकेक माणूस उठून बाहेर जाऊन आलाय. मी बघतच बसले होते. महापौरबाईबी जाऊन आल्या. कुणी लाजलं न्हाई, कुणाला मंजुरी लागली न्हाई. आमच्या बाया सकाळधरनं सांजपातूर तशाच बसत्यात, पाण्याला शिवत न्हाईत, आन् तुमच्या घरची भाजी देत्यात. ज्याचा इरोध आसंल त्यानं हुभं राहावं. आन् मग आज घरी जाईपातूर जागचं हलू नये!"

आधी एक जण फिसकन हसला, मग सगळं सभागृह. बाकं वाजायला लागली. तो दादासुद्धा बडवत होता, खोटं कशाला सांगू. सर्वानुमते मंजूर! मी राजदंड पदरानं पुसला, टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "घ्या, आता कुणाला पळायचंय त्यानं पळावं." कुणी हललं नाही. आणि मी, मंडईत भल्याभल्यांना गप्प करणारी, तिथंच ढसाढसा रडले. इतका आनंद मला निवडून आले तेव्हाही झाला नव्हता.

बांधकाम झालं तोवर आमची मुदत संपली होती. उद्घाटनाच्या पत्रिकेत माझं नाव नव्हतं, म्हणून मी बायांच्या घोळक्यात उभी होते. दाराला लाल फीत, आणि पाहुण्यांचा पत्ता नाही. अक्कानं थोडा वेळ वाट बघितली. मग गाठ सोडली, फीत माझ्या हातात दिली आणि आत गेली. तिच्यामागं दुसरी, तिसरी. उद्घाटनाला बोलावलेले महापालिकेचे नवे साहेब गाडीतून उतरले तोवर रांग कांद्याच्या गाळ्यापर्यंत गेलेली. कात्रीचं तबक धरलेला माणूस फीत शोधत होता.

अक्का बाहेर आली, ओले हात पदराला पुसत सरळ साहेबांपुढं जाऊन उभी राहिली.

"साहेब, उद्याबी उघडं आसंल न्हवं?"

"असेल," साहेब म्हणाले.

"मोठ्यांदा सांगा की. मागच्या बायांना ऐकू गेलं न्हाई."

सगळी रांग साहेबांकडे वळली. त्यांनी शेवटच्या बाईकडे बघितलं आणि ओरडून सांगितलं, "उद्याही उघडं असेल! रोज उघडं असेल!"