फारुखभाईंची ऐकण्याची रीत

चिखलीत देऊळगाव राजा रोडला फारुखभाईंचं गॅरेज आहे, मागे घर. कापसाच्या जिनिंग मिलमधून निवृत्त झाल्यापासून मी सकाळी तिथं बसतो. काम नीट चाललेलं बघायला मला आवडतं.

फारुखभाई फ्युएल इंजेक्शनच्या जुन्या पेट्रोल गाड्या दुरुस्त करतात. त्यांची रीत ठरलेली. लांब पेचकसाचं टोक इंजेक्टरवर टेकवायचं आणि मूठ दातांत धरायची. इंजेक्टर पेट्रोल फवारत असेल तर त्याची टकटक दातांतून, हाडातून आत पोचते. चारही इंजेक्टरांवर ती मिळाली की पुढचं बघायचं. बिघाड सापडल्याशिवाय एकही पार्ट बदलायचा नाही.

दोनेक वर्षांपासून त्यांना बारीक आवाज ऐकू येईनासे झाले. चिमण्या गेल्या, मोबाईलची रिंग गेली. जाड आवाज शाबूत होते. हे त्यांच्या बायकोला, सुगराबीला, माहीत होतं आणि मला. गिऱ्हाइकाला कळलं तर गाडी कोण देईल? म्हणून कोणी हळू बोललं की ते नुसती मान हलवायचे.

दिवाळीनंतर नीळकंठराव आपली जुनी एस्टीम घेऊन आले. शाळेत क्लार्क आहेत. गाडी पळताना ठीक, पण थांबली की थरथरायची आणि बंद पडायची.

"प्लग बदलले, फिल्टर बदललं. फरक काहीच नाही."

"कोणं सांगतलं बदलायले?"

"माझ्या साडूनं."

"साडू मेकॅनिक आहे का?"

"तलाठी आहे."

"मंग सातबारा बदलायचा होता."

फारुखभाई कामाला लागले. टकटक चारही ठिकाणी मिळाली. उभ्या गाडीत इंजिनला हवा पुरवणारी झडप त्यांनी काढली, धुतली, बसवली. तेच. पुन्हा काढून बघितली. तेच. दुसऱ्या दिवशी नीळकंठराव आले तेव्हाही गाडी उभ्या जागी थरथरत होती.

"राहू द्या फारुखभाई. जालन्याला दाखवतो," ते म्हणाले आणि किल्लीसाठी हात पुढे केला.

गाडी जालन्याला गेली असती तर तिच्याबरोबर गावभर बोलणंही गेलं असतं. फारुखभाईंना आता जमत नाही, असं.

फारुखभाई इंजिनवर वाकले. एक कान लावला, मग दुसरा. "कुठून तरी फालतू हवा ओढून राह्यली. फुस्स आवाज असते त्याले," ते म्हणाले. माझ्याकडे बघितलं. मी नकारार्थी मान हलवली. माझे कान जिनिंगच्या खडखडाटानंच खाल्ले आहेत.

"मला तर सगळंच वाजतंय असं वाटतं," नीळकंठराव म्हणाले.

फारुखभाईंनी कापडाला हात पुसले. सावकाश पुसले.

"नीळकंठराव, मले बारीक आवाज ऐकू येत नाही. दोन वर्षं झाली." मग घराकडे तोंड करून हाक मारली, "सुगरा!"

सुगराबी कणकेच्या हातानं बाहेर आल्या. "काय जी?"

"इथं कुठी फुस्स वाजते का, ऐक."

"कालपासून आतून ऐकून राह्यली मी. मले वाटलं, तुम्ही चाकात हवा भरून राह्यले." त्या वाकल्या, डोकं इकडून तिकडं नेलं आणि कोपरानं दाखवलं. "हे इथं, मागं. खालच्या अंगानं."

तिथं इंजिनातून ब्रेककडे जाणारी हवेची रबरी नळी होती. वरून साफ. फारुखभाईंनी खालून बोट फिरवलं, तर बोटाला चीर लागली. नळी चिमटीत दाबली तशी थरथर थांबली. सोडली, पुन्हा सुरू. पुन्हा दाबली. खात्री झाल्यावरच इंजिन बंद केलं आणि दुकानातून नवी नळी मागवली.

ती बसवल्यावर आम्ही चहा घेतला. गाडी शेजारी उभ्या जागी चालत होती, बंद पडली नाही.

"आधीच का नाही सांगितलं?" नीळकंठरावांनी विचारलं.

"तुम्ही गाडी देली असती?"

नीळकंठरावांनी विचार केला. "नसती दिली," ते म्हणाले. मग म्हणाले, "आता ब्रेकही बघून ठेवा. संध्याकाळी नेतो."

चार दिवसांनी हरिओम व्हॅन घेऊन आला. तो भाड्यानं माणसं नेतो. बॉनेट उघडण्याआधीच फारुखभाईंनी त्याला सांगून टाकलं, "मले बारीक आवाज येत नाही, बघ. पटत असलं तर ठेव."

"तुमचं जाऊ द्या," हरिओम म्हणाला. "भाभी घरी आहे ना?"